रोजच्या ताटाचा हिशेब: आधी प्रथिनं, शेवटी धान्य, आणि वजन नेहमी कच्च्याचं

आहाराचा हिशेब मांडायला बसलेली माणसं बहुतेक वेळा दोन ठिकाणी चुकतात. एक, शिजलेला भात काट्यावर ठेवतात आणि त्याला कच्च्या तांदळाचा आकडा लावतात. १५० ग्रॅम भातात साधारण १९५ किलोकॅलरी असतात. कच्च्या तांदळाचा आकडा लावला की त्याच्या ५३० होतात. दोन, ताट पोळी-भातापासून भरायला घेतात. मग डाळ, दूध, भाजी यांना उरलेल्या जागेत दाटीवाटीने बसावं लागतं. पहिल्या चुकीमुळे माणूस विनाकारण उपाशी राहतो. दुसरीमुळे पोट भरतं, वजनही वाढतं, पण स्नायूंना आणि रक्ताला जे हवं ते मिळत नाही.

म्हणून इथे क्रम उलटा आहे. आधी आपली गरज काढायची, मग प्रथिनं ठरवायची, मग भाज्या-फळं, मग तेल, आणि जेवढी ऊर्जा शिल्लक राहील तेवढ्याचं धान्य. क्रम बदलला तर हिशेब जुळत नाही, तेव्हा पायऱ्या गाळू नका.

सावध: ही पद्धत निरोगी प्रौढांसाठी आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी, आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धान्य कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलणं आवश्यक आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या गरजा वेगळ्या असतात. लहान मुलांच्या ताटाला तर हा काटा लावूच नका.

## पायरी १: काटा, वाटी आणि तीन दिवसांची वही

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल वजनकाटा घ्या. भांडं ठेवून आकडा शून्य करायची सोय त्यात असते, ती वापरायला शिका. खर्चाचं म्हणाल तर एवढीच खरेदी आहे.

मग घरातली मापं तपासा. 'एक वाटी डाळ' याला काहीच अर्थ नाही, कारण कुणाची वाटी १०० मिलिलिटरची असते, कुणाची २०० ची. तुमच्या वाटीत काठोकाठ पाणी भरा आणि पाण्याचं वजन करा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. तेल ज्या चमच्याने घालता तोही असाच मोजा. पोह्याचा चमचा, चहाचा चमचा आणि फोडणीचा डाव यांत इतका फरक असतो की एकाच भाजीचं तेल दुप्पट होऊ शकतं.

कुकरचं भांडं, कढई, पातेलं यांची रिकामी वजनं एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पुढे रोज उपयोगी पडतं.

आता तीन दिवस, दोन कामाचे आणि एक सुट्टीचा, जे खाता ते लिहा. चहातली साखर, दूध, येता-जाता तोंडात टाकलेला फरसाण, मुलांच्या ताटात उरलं म्हणून संपवलेलं, सगळं.

सावध: या तीन दिवसांत सुधारायला जाऊ नका. वही दिसली की माणूस शहाण्यासारखं खायला लागतो आणि खरा आकडा हाती लागत नाही.

### शिजलेल्या अन्नातला आपला वाटा कसा काढायचा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश सांगतो. घरात चौघांचं वरण एकत्र होतं. तुम्हाला तुमच्या वाट्याची कच्ची डाळ हवी आहे.

1. कुकरला लावण्यापूर्वी कोरडी डाळ तोला. समजा १२० ग्रॅम आहे.
2. वरण तयार झाल्यावर पातेल्यासकट वजन करा आणि कागदावरचं रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करा. समजा वरण ९०० ग्रॅम झालं.
3. तुम्ही वाढून घेतलेलं वरण तोला. समजा १८० ग्रॅम.
4. १८० भागिले ९००, गुणिले १२०. उत्तर २४ ग्रॅम कच्ची डाळ.

२४ ग्रॅम तूरडाळीत जेमतेम ५ ग्रॅम प्रथिनं असतात. 'मी रोज वाटीभर वरण घेते, मला प्रथिनं पुरेशी मिळतात' असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तरी करावा. वाटी भरलेली असते, पण बहुतेक पाण्याने.

पोळ्यांचं सोपं आहे. कोरडी कणीक तोलून भिजवा, किती पोळ्या झाल्या ते मोजा आणि भागा. ३०० ग्रॅम कणकेच्या १० पोळ्या झाल्या तर एका पोळीत ३० ग्रॅम पीठ, म्हणजे साधारण ९६ किलोकॅलरी. भाकरीचं पीठही असंच. भाकरी जाड असते, त्यामुळे एका भाकरीत दोन पोळ्यांचं पीठ सहज जातं. 'दोन पोळ्यांऐवजी दोन भाकऱ्या' ही अदलाबदल म्हणूनच अंगावर येते.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी तुमच्या घरच्या एका पोळीतलं पीठ, एका चमच्यातलं तेल आणि तुमच्या वाटीतली कच्ची डाळ हे तीन आकडे वहीत हवेत.

## पायरी २: गरज काढा

आपण बोलताना 'कॅलरी' म्हणतो तेव्हा किलोकॅलरीच अभिप्रेत असते. काही पाकिटांवर आकडा किलोज्यूलमध्ये असतो, त्याला ४.२ ने भागलं की किलोकॅलरी मिळतात.

शरीराचा सर्वात मोठा खर्च व्यायामाचा नसतो. बैठं काम करणाऱ्या माणसाची दिवसाची ६० ते ७० टक्के ऊर्जा नुसतं जिवंत राहण्यात जाते: हृदय, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं, शरीराचं तापमान. वजनाने दीड किलोच्या आतबाहेर असलेला मेंदू एकटाच विश्रांतीच्या खर्चातला सुमारे पाचवा हिस्सा घेतो. खाल्लेलं पचवण्यात आणि जागी लावण्यात साधारण १० टक्के जातात. उरलेला भाग हालचालीचा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांसाठी जे आकडे दिले, ते सुरुवातीला धरायला चांगले आहेत. ६५ किलोचा पुरुष: बैठं काम २११०, मध्यम श्रम २७१०, जड श्रम ३४७० किलोकॅलरी. ५५ किलोची स्त्री: अनुक्रमे १६६०, २१३० आणि २७२०.

यातली आपली ओळ निवडताना लोक हमखास चुकतात. सकाळी तासभर जिमला जाऊन नंतर नऊ तास खुर्चीवर बसणारा माणूस मध्यम श्रमाचा होत नाही. तो बैठ्या कामाच्या थोडा वर असतो. मध्यम श्रम म्हणजे दिवसभर उभं राहून, चालून, वाकून केलेलं काम. शेतात खुरपणी करणारी, बांधकामावर घमेली उचलणारी माणसं त्याच्याही वर जातात. शंका असेल तर खालची ओळ धरा. तीन आठवड्यांनी आपण ती दुरुस्त करणारच आहोत.

ज्यांचं वजन उंचीच्या मानाने जास्त आहे त्यांनी प्रथिनांसाठी आजचं वजन वापरू नये. मीटरमधल्या उंचीचा वर्ग करा आणि २२ ने गुणा. १.६० मीटर उंचीला २.५६ गुणिले २२, म्हणजे सुमारे ५६ किलो. प्रथिनांचा हिशेब या वजनावर करा.

सावध: एक ओळ निवडल्यावर चालण्याच्या, पळण्याच्या कॅलरी वेगळ्या मिळवू नका. ६० किलोच्या माणसाचा अर्ध्या तासाच्या चालण्यात साधारण १०५ किलोकॅलरीचा खर्च होतो, आणि त्यातला काही भाग नुसतं बसूनही झालाच असता. घड्याळाने दाखवलेला आकडा ताटात वाढून घेतला की एकच खर्च दोनदा मोजला जातो.

## पायरी ३: प्रथिनं आधी

कर्बोदकांच्या आणि प्रथिनांच्या एका ग्रॅममधून ४, आणि चरबीच्या एका ग्रॅममधून ९ किलोकॅलरी मिळतात. पण शरीर या तिघांना सारखं वागवत नाही, आणि प्रथिनांना पहिला मान देण्याचं कारण हेच आहे.

कर्बोदकांचा साठा होतो, चरबीचा तर भरपूर होतो. प्रथिनांची मात्र कुठे साठवण नाही. डाळीतली प्रथिनं पचून अमिनो आम्लं होतात, रक्तातून पेशींपर्यंत जातात, आणि त्यांतून स्नायू, विकरं, संप्रेरकं, रोगप्रतिकारक द्रव्यं घडतात. जी वापरली गेली नाहीत त्यांच्यातला नायट्रोजन यकृत वेगळा काढतं, त्याचा युरिया होऊन लघवीवाटे जातो, आणि उरलेला सांगाडा इंधन म्हणून जळतो किंवा साठ्यात जातो. म्हणजे रविवारी मटण भरपूर खाल्लं म्हणून बुधवारची गरज भागत नाही. रोजचं रोज द्यावं लागतं, आणि कमी पडलं तर शरीर स्वतःचा स्नायू मोडून भरपाई करतं.

चांगल्या प्रतीच्या प्रथिनांसाठी प्रति किलो वजनाला दिवसाला ०.८३ ग्रॅम हा शिफारस केलेला आकडा आहे. आपलं जेवण धान्यप्रधान असतं आणि धान्यातली प्रथिनं कमी प्रतीची असतात, म्हणून प्रति किलो १ ग्रॅम धरा. ५५ किलोच्या स्त्रीला ५५ ग्रॅम.

आता यातले किती कुठून आणायचे? दिवसाच्या २०० ग्रॅम धान्यातून १८ ते २० ग्रॅम येतातच. उरलेले ३५ धान्याबाहेरून यायला हवेत. खालचे आकडे १०० ग्रॅम कच्च्या पदार्थांचे आहेत:

- तूरडाळ, हरभराडाळ: सुमारे २२ ग्रॅम, मूगडाळ, मसूरडाळ: सुमारे २४
- शेंगदाणे: सुमारे २४, पण सोबत ५२० किलोकॅलरी
- गाईचं दूध: सुमारे ३.३, म्हशीचं थोडं जास्त
- पनीर: सुमारे १९
- अंडं: एका नगात साधारण ६
- कोंबडीचं बिनहाडाचं मांस: सुमारे २१
- सोयाबीनच्या वड्या: ५० च्या वर

सावध: १०० ग्रॅम डाळ म्हणजे १०० ग्रॅम प्रथिनं नव्हेत. हे वाचताना उघड वाटतं, पण वहीत हीच चूक सर्रास सापडते. '५० ग्रॅम चणे खाल्ले, ५० ग्रॅम प्रथिनं झाली' असं लिहिलं असेल तर खोडा. ती १० च्या आसपास होतात.

दुसरी चूक शेंगदाण्यांची. कूट, चटणी, दाण्याची आमटी यांनी प्रथिनं मिळतात, पण शेंगदाण्यातली बहुतेक ऊर्जा तेलातून येते. २० ते ३० ग्रॅमपर्यंत ठीक. प्रथिनांचा मुख्य भार डाळी, कडधान्यं, दूध, अंडी, मासे यांच्यावरच असू द्या.

धान्याच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. डाळींत ते पुरेसं असतं, पण मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी पडतं, जे धान्यात मिळतं. वरण-भात, ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ, थालीपिठाची भाजणी या जोड्या म्हणूनच उपयोगाच्या. दोन्ही एकाच घासात हवीत असं नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की पुरे.

घरात एक गोष्ट आवर्जून करा. जी व्यक्ती सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, तिच्या वाट्याला तळाचं पातळ वरण आणि संपत आलेली उसळ येते. बहुतेक घरांत ती आई असते, सून असते, आजी असते. जेवायला बसण्यापूर्वी तिचा वाटा तोलून बाजूला काढा. घरातल्या सर्वांचा हिशेब जुळला आणि तिचा नाही, तर हा सगळा खटाटोप अर्धवट राहिला असं मी मानतो.

तपासणी: धान्य न धरता तुमच्या दिवसात ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं झाली का? नसतील तर ही पायरी सोडू नका. सगळ्यात सोपी भर म्हणजे कडधान्याची एक जादा उसळ आणि वाटीभर दही.

## पायरी ४: भाज्या, फळं आणि ऊर्जेचे मदतनीस

जीवनसत्त्वांतून ऊर्जा मिळत नाही. 'अशक्तपणा आलाय, एखादी व्हिटॅमिनची गोळी घ्या' हा सल्ला त्यामुळे अनेकदा फुकट जातो. पण ग्लुकोज आणि चरबी पेशीत जाळायची तर थायमिन, रायबोफ्लेविन, नायासिन या ब गटातल्या जीवनसत्त्वांशिवाय ते काम पुढे सरकत नाही. जाळायला लागणारा प्राणवायू रक्तातल्या हिमोग्लोबिनवर बसून येतो आणि हिमोग्लोबिनला लोह लागतं. ताटात ऊर्जा पुरेशी असूनही जिना चढताना धाप लागत असेल, तर लोहाची कमतरता हे एक नेहमीचं कारण असतं. अंदाजाने गोळ्या घेण्याऐवजी रक्त तपासून घ्या.

दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळ हे लक्ष्य ठेवा. कांदा-टोमॅटो, काकडी-गाजराची कोशिंबीर हे सगळं त्यात धरा; बटाटा मात्र धान्यात मोजा. वजन निवडल्यानंतरचं घ्या. मेथीची जुडी आणताना भरगच्च दिसते, पण निवडल्यावर देठांसकट बराच भाग टोपलीत जातो.

पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह शरीरात सहज शिरत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वामुळे ते जास्त शोषलं जातं. चहातल्या टॅनिनमुळे कमी. जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी नको. प्रौढ स्त्रीची लोहाची शिफारस दिवसाला २९ मिलिग्रॅम आहे, पुरुषाची १९. दोघांचं ताट सारखं वाढलं तरी कमतरता तिलाच आधी येते, ती यामुळे.

ब१२ वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी माणसाने दूध-दही बंद केलं तर त्याची तजवीज डॉक्टरांना विचारून करावी.

मिठाचा हिशेब झटपट होतो. माणशी दिवसाला ५ ग्रॅम धरले तर चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. एक किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅमच्या वर जातंय, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण आलेलंच नाही.

## पायरी ५: तेल महिन्यावर मोजा

रोज फोडणीचं तेल तोलणं कुणाच्याही हातून फार दिवस होत नाही. महिन्याचा हिशेब करा, तो खराही येतो.

पाच लिटरचा डबा चौघांच्या घरात महिनाभर पुरतो असं समजा. तेलाचा लिटर ९२० ग्रॅमचा असतो, म्हणजे डब्यात ४६०० ग्रॅम. चार माणसं आणि ३० दिवस यांनी भागलं की माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४५ किलोकॅलरी. हे फक्त डब्यातलं. तूप, लोणी, साय, बाहेरचा वडापाव आणि डब्यातलं फरसाण वेगळं.

२००० किलोकॅलरीच्या दिवसाला ताटात दिसणारं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम पुरेसं धरतात. १६६० च्या दिवसाला २५ ठेवा. चौघांना महिन्याला सव्वातीन लिटर तेल, तूप त्यातच धरून. डबा आणला की झाकणावर तारीख लिहा, एवढी एक सवय पुष्कळ काम करते.

सावध: तेल अजिबात बंद करू नका. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीच्या सोबतीनेच शोषली जातात, आणि काही मेदाम्लं शरीर स्वतः बनवू शकत नाही. 'हृदयाला चांगलं' म्हणून एखादं तेल हवं तितकं ओतणं हीही चूकच. करडईचं असो, शेंगदाण्याचं असो, ऑलिव्हचं असो, ग्रॅमला ९ च.

## पायरी ६: उरलेल्या ऊर्जेचं धान्य

आता वजाबाकी. ५५ किलोची, बैठं काम करणारी स्त्री, दिवसाला १६६० किलोकॅलरी:

- डाळ आणि कडधान्य मिळून ८० ग्रॅम: २६० किलोकॅलरी, १७ ग्रॅम प्रथिनं
- गाईचं दूध, दही, ताक, मिळून ३०० मिलिलिटर दुधाइतकं: २२० किलोकॅलरी, १० ग्रॅम
- शेंगदाणे २० ग्रॅम: १०५ किलोकॅलरी, ५ ग्रॅम
- भाज्या आणि फळ: १५५ किलोकॅलरी, ५ ग्रॅम
- तेल-तूप २५ ग्रॅम: २२५ किलोकॅलरी
- साखर-गूळ १० ग्रॅम: ४० किलोकॅलरी

बेरीज १००५ किलोकॅलरी आणि ३७ ग्रॅम प्रथिनं. शिल्लक ६५५ किलोकॅलरी. धान्याच्या एका ग्रॅमला सरासरी ३.३ धरले तर २०० ग्रॅम धान्य बसतं: न्याहारीला ४० ग्रॅम पोहे, दिवसभरात चार पोळ्यांची १२० ग्रॅम कणीक, आणि ४० ग्रॅम तांदळाचा भात. धान्यातून आणखी १९ ग्रॅम प्रथिनं येतात. एकूण ५६.

आता हेच ताट धान्यापासून भरलं तर काय होतं ते पाहा. सहा पोळ्या, ८० ग्रॅम तांदळाचा भात, २० ग्रॅम डाळीचं पातळ वरण, १५० ग्रॅम भाजी, चहापुरतं १०० मिलिलिटर दूध, ४० ग्रॅम तेल, ३० ग्रॅम साखर आणि चार-पाच बिस्किटं. ऊर्जा जवळपास तेवढीच, १६५० च्या आसपास. प्रथिनं मात्र ३७ ग्रॅम. दोन्ही ताटांनी पोट भरतं आणि वजनकाट्यावर दोन्ही सारखीच दिसतात. वर्षानुवर्षं दुसरं ताट जेवणाऱ्या बाईचे स्नायू मात्र हळूहळू झिजत राहतात, आणि कारण लक्षात येत नाही कारण 'जेवण तर व्यवस्थित आहे'.

धान्य बंद करा असा याचा अर्थ घेऊ नका. पोळी, भाकरी, भात यांतलं पिष्ट पचून ग्लुकोज होतं, आणि मेंदूचं नेहमीचं इंधन तेच आहे. इन्सुलिनच्या मदतीने ते पेशींत जातं. लगेच लागत नसेल तर ग्लायकोजेनच्या रूपात साठतं, यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या घरात. या कोठ्या भरल्यावर सतत जादा येत राहिलं तर शरीर ते जाळतं आणि ताटातली चरबी साठवून ठेवतं; काही ग्लुकोजचीही चरबी होते. धान्य फारच तोडलं, तर शरीर प्रथिनांतून ग्लुकोज बनवतं, म्हणजे तिसऱ्या पायरीत कष्टाने मिळवलेली प्रथिनं इंधनात जातात.

ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू, तांदूळ यांची ऊर्जा १०० ग्रॅमला साधारण ३२० ते ३६० मध्येच असते. 'ज्वारीने वजन उतरतं' ही समजूत ऊर्जेच्या आकड्यावर टिकत नाही. ज्वारी-बाजरीचा फायदा तंतूंचा आणि खनिजांचा, नाचणीचा कॅल्शियमचा. १०० ग्रॅम नाचणीत ते ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. त्या कारणांसाठी जरूर खा.

सावध, उपासाच्या दिवशी: साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. ७५ ग्रॅम साबुदाण्यात सुमारे २६० किलोकॅलरी असतात आणि प्रथिनं नावालाही नसतात. खिचडीत जी असतात ती दाण्याच्या कुटाची. एकादशीला वरीचे तांदूळ, राजगिरा, दही, दूध यांना जास्त जागा द्या.

## पायरी ७: दिवसभरात वाटणी

प्रथिनं तिन्ही वेळच्या जेवणात थोडी थोडी येऊ द्या. आपल्याकडे न्याहारी हीच वेळ रिकामी जाते. नुसते पोहे, उपमा, शिरा यांत प्रथिनं फार कमी. पोह्यांत मोडाची मटकी घाला, उपम्यात मटार आणि वर दही, किंवा पोह्यांऐवजी मूगडाळीचं धिरडं. अंडी चालत असतील तर प्रश्नच मिटला.

रात्रभराच्या उपासात यकृतातलं ग्लायकोजेन बरंचसं वापरलं जातं, तेच रक्तातली साखर सांभाळत असतं. स्नायूंतलं ग्लायकोजेन मात्र त्याच स्नायूच्या कामी येतं. ते ग्लुकोज म्हणून रक्तात सोडता येत नाही. सकाळी उपाशीपोटी जड व्यायाम करून ज्यांना चक्कर येते, त्यांनी आधी एखादं केळं खाऊन पाहावं. ज्यांना त्रास होत नाही त्यांनी उगाच खाऊ नये.

बाहेरचं पाकीट घेतलं तर आकडा कशाचा आहे ते आधी वाचा: १०० ग्रॅमचा, की एका वाढणीचा? कंपनीची वाढणी २० किंवा ३० ग्रॅमची असते, आपण मात्र पाकीट संपवतो.

## पायरी ८: तीन आठवडे थांबा, मगच आकडा बदला

आठवड्यातून तीन-चार वेळा सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच कपड्यांत वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. रोजच्या आकड्यावरून काही ठरवू नका. ग्लायकोजेनच्या एका ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं, त्यामुळे धान्य कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात जो दीड-दोन किलोंचा उतार दिसतो त्यात बरंचसं पाणीच असतं. लग्नाचं जेवण जेवून आल्यावर सकाळी वाढलेला किलोही तसाच. पाळीच्या आधीच्या दिवसांतही पाण्यामुळे वजन वर जातं. म्हणून बायकांनी एका पाळीची तुलना पुढच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी करावी.

तीन आठवड्यांनी:

1. सरासरी जागच्या जागी असेल, तर तुम्ही खाता तेवढाच तुमचा खर्च आहे. तक्त्यातला आकडा काहीही असो, तुमच्यापुरता हाच खरा.
2. वजन नको असताना वाढत असेल, तर दिवसाला १५० ते २०० किलोकॅलरी कमी करा. एक पोळी आणि दोन चहाचे चमचे तेल, एवढंच. डाळ आणि दूध कमी करायचं नाही.
3. वजन नको असताना उतरत असेल, तर तेवढीच वाढ करा. भूक कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसांना जास्त पोळ्यांचा आग्रह करू नका. वरणावर तूप, दुधात नाचणीचं सत्त्व, लाडवात दाणे असं थोडक्यात जास्त देणारं वाढा. कारण नसताना वजन सतत घटत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, ताट बदलत बसू नका.

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० किलोकॅलरी. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचा तर रोज ५५० ची तूट लागते, आणि १६६० च्या दिवसातून ५५० काढले तर ताटात फारसं काही राहत नाही. लहान चणीच्या माणसांनी आठवड्याला पाव किलोचं लक्ष्य ठेवावं, आणि निम्मी तूट चालण्यातून काढावी.

तपासणी: वजन जागचं हलत नसेल आणि वहीचा आकडा मात्र फार कमी दिसत असेल, तर 'माझं चयापचयच मंद आहे' असं ठरवण्याआधी या क्रमाने शोधा: तेलाचा डबा किती दिवसांत संपला, चहाचे कप किती, सुट्टीच्या दिवशीचं लिहिलंय का, आणि भात कच्चा तोलला की शिजलेला. हे चारही बरोबर निघाले तर थायरॉइडची तपासणी करून घ्या.

एकदा आकडा बसला की रोज तोलायची गरज उरत नाही. कणकेचा डबा, डाळीचं माप आणि तेलाच्या झाकणावरची तारीख यांवर महिने निघतात. वजन चार-पाच किलोंनी बदललं, काम बदललं, किंवा घरात जेवणारी माणसं कमी-जास्त झाली, की दुसऱ्या पायरीपासून पुन्हा मांडणी करा. तोललेल्या भांड्यांचा कागद कपाटावर तसाच राहू द्या.